यात्रेला निघताना लेकराला जपा

चैत्र अमावास्येला वज्रेश्वरीची यात्रा भरते. कोनहून भिवंडी-अंबाडीमार्गे जाताना काही मंडळी लहानग्याला मोटारसायकलच्या टाकीवर बसवतात. ‘एवढंसं तर अंतर, काय होतंय?’ असे म्हणू नका. ब्रेक लागला की टाकीवरचे लेकरू आधी फेकले जाते. १५ फेब्रुवारी २०२३ पासून ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि चालकाला जोडणारा सुरक्षा पट्टा सक्तीचा आहे. वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. निघावे पहाटेच. ६ महिन्यांखालच्या बाळाला वरचेवर आईचे दूधच पाजावे, पाणी नको. कुंडाचे पाणी कढत असते. लेकराला त्यात उतरवू नये. ग्रामपंचायतींनी हे नियम यात्रेआधीच फलकावर लावावेत.