जुनी मोठी मोटारसायकल : हिमालयन घ्यावी की ३९० ॲडव्हेंचर?

आपल्या व्यापारी बांधवांत मोठ्या मोटारसायकलीची आवड अलीकडे वाढली आहे. नमुन्यांची बॅग मागे बांधून भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी अशी बाजारपेठांची फेरी करायची आणि सवड मिळाली की कोकण किंवा थेट लडाखकडे निघायचे, अशी हौस तरुण दुकानदारांना व कारागिरांना असते. हौसेत वाईट काही नाही. परंतु नवी गाडी खिशाला जड जाते. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीहून मोठ्या मोटारसायकलींवरील जीएसटी ४० टक्के झाला. व्याजाचे कर्ज नको आणि हातातील रोकड मर्यादित, अशा वेळी जुन्या गाडीकडे नजर वळणे साहजिकच आहे.

या वर्गातील जुन्या गाड्यांत दोन नावे विशेष घेतली जातात. एक रॉयल एनफील्डची हिमालयन ४११ आणि दुसरी केटीएमची ३९० ॲडव्हेंचर. आमचे मत आधीच सांगून टाकतो. यांतील निवड ताकद किंवा नाव पाहून करू नये. आपला रस्ता, आपला मिस्त्री आणि गाडीचे कागद या तीन गोष्टी पाहून करावी. कापडाचा ठाण घेताना आपण त्यावरचा छाप वाचून पैसे देत नाही, ठाण उलगडून पाहतो. येथेही तोच कायदा लागू आहे.

दोन गाड्यांचा स्वभाव

हिमालयन ४११ ही २०१६ साली बाजारात आली आणि २०२३ च्या अखेरीस नवी ४५० आल्यावर तिची जागा त्या गाडीने घेतली. इंजिन ४११ सीसीचे, हवा व तेलाने थंड होणारे, सुमारे २४ अश्वशक्तीचे, पाच गिअरचे. पेट्रोलची टाकी १५ लिटरची. पुढचे चाक २१ इंची, तळाची उंची २२० मिलिमीटर आणि सीट जमिनीपासून ८०० मिलिमीटर. म्हणजे मध्यम उंचीच्या माणसाचे पाय जमिनीला टेकतात आणि खड्ड्यांचा रस्ता गाडी निमूटपणे गिळते. तथापि तिचे वजन भारी आहे आणि महामार्गावर तिची घाई चालत नाही.

३९० ॲडव्हेंचर जानेवारी २०२० मध्ये आली. तिची बांधणी आपल्याच पुणे जिल्ह्यात, चाकण येथील बजाजच्या कारखान्यात होते. २०२५ साली ३९९ सीसीची नवी पिढी आली. म्हणून जुन्या बाजारात मिळते ती बहुतेक ३७३ सीसीची. हिचे इंजिन पाण्याने थंड होणारे, सुमारे ४३ अश्वशक्तीचे, सहा गिअरचे. टाकी साडेचौदा लिटरची, पुढचे चाक १९ इंची. महामार्गावर ओव्हरटेक करणे हिला सोपे जाते आणि वजनानेही ती हलकी आहे. परंतु सीट ८५५ मिलिमीटर उंच. मागे माल बांधून चढावर गाडी थांबवावी लागली तर कमी उंचीच्या माणसाची धांदल उडते. घेण्यापूर्वी सामान बांधून एकदा बसून पाहावे.

मिस्त्रीचा हिशेब

हिमालयनची रचना साधी आहे. गावातील अनुभवी मिस्त्री तिचे बरेचसे काम करू शकतो. ३९० मध्ये इलेक्ट्रॉनिक सामान पुष्कळ. तिचा दोष शोधायला कंपनीचे यंत्र लागते. आपल्या शहरात चांगले सर्व्हिस सेंटर असेल तर हरकत नाही. नसेल तर गाडी टेम्पोत घालून न्यावी लागेल आणि तेवढे दिवस धंदा बंद राहील. हा खर्च किमतीच्या पाटीवर लिहिलेला नसतो.

एक गोष्ट मात्र ३९० च्या बाजूने आहे. तिच्या अलॉय चाकांना ट्यूबलेस टायर असतात. त्यामुळे पंक्चर रस्त्यावर उभ्या उभ्या निघते. हिमालयनच्या स्पोकच्या चाकात ट्यूब असते. तेथे चाक खोलावे लागते. उलट मोठ्या खड्ड्यात आपटल्यास अलॉय रिम वाकू शकते. म्हणून जुन्या ३९० ची दोन्ही चाके फिरवून पाहावीत.

कोणत्या सालची घ्यावी

हिमालयनच्या पहिल्या गाड्या कार्ब्युरेटरच्या होत्या. फ्युएल इंजेक्शन २०१७ साली आले आणि एबीएस ब्रेक २०१८ साली. २०२० पासून बीएस ६ गाड्या आल्या. आमचा सल्ला असा की एबीएस असलेलीच गाडी घ्यावी. थोडे पैसे वाचवण्यासाठी घाटातील ब्रेकशी तडजोड करू नये.

उलगडून पाहणे

गाडी पाहायला जाण्यापूर्वी विकणाऱ्याला सांगावे की इंजिन आधी चालू करून ठेवू नका. थंड इंजिनचे दोष गरम झाल्यावर लपतात. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. ३९० मध्ये पांढरा धूर थांबतच नसेल व कूलंट कमी झाले असेल तर सौदा सोडून द्यावा. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवावे. मध्ये अडकल्यासारखे वाटले तर कोनसेट गेला आहे. पुढच्या शॉकअपवर तेलाचे डाग, मागच्या स्प्रॉकेटचे झिजलेले दात आणि इंजिनखालच्या पत्र्यावरचे आघात पाहावेत.

किलोमीटरच्या आकड्यावर एकट्यावर विश्वास ठेवू नये. सर्व्हिसच्या पावत्यांशी तो जुळवावा. टायरवर चार अंक कोरलेले असतात. उदाहरणार्थ २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. गाडी २०२२ ची, ‘फार कमी चालली’ असे सांगणे आणि टायर मात्र गेल्या वर्षीचे, तर कारण विचारावे.

कागद

इंजिन बिघडले तर पैसे जातात, कागद बिघडले तर झोपही जाते. चासी व इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहावेत. गाडीवर कर्ज असेल तर वित्तसंस्थेचे ना हरकत पत्र व फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. गाडी परराज्यातील असल्यास फॉर्म २८ ची एनओसीही लागते. थकलेली ई-चलाने तपासून घ्यावीत.

१ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. म्हणजे २०२० सालच्या गाडीचा तो मूळ विमा २०२५ मध्येच संपला. पुढे नूतनीकरण झाले आहे का ते पाहावे आणि खरेदीनंतर १४ दिवसांत विमा आपल्या नावे करून घ्यावा.

विकणाऱ्या बांधवांनीही ध्यानात घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केले की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक समजला जातो. कोऱ्या फॉर्मवर सही करून गाडी देणे म्हणजे दुसऱ्याच्या अपघाताचे ओझे आपल्या डोक्यावर ठेवणे होय.

ऐब सांगून विका

वर कोरडे आणि आत ओले धान्य ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात कसे टोकले, हे आपण सर्व जाणतो. घासून चमकवलेली टाकी आणि आत वाजणारे इंजिन हा त्याचाच प्रकार आहे. लपवलेला ऐब नंतर उघड झाल्यास माल परत करण्याचा हक्क शरीअतने ग्राहकाला दिला आहे. त्यास ख़ियार-ए-ऐब म्हणतात. याखेरीज सौद्याच्या वेळीच परतीची मुदत ठरवता येते, तो ख़ियार-ए-शर्त. इमाम अबू हनीफा (रह.) व इमाम शाफई (रह.) यांच्या मते ही मुदत तीन दिवसांपर्यंत असते. आपल्या लोकांनी जुन्या गाडीच्या सौद्यात ही अट साध्या कागदावर लिहून घेण्याचा रिवाज पाडावा. तीन दिवसांत आपला मिस्त्री गाडी नीट तपासू शकतो आणि पुढची भांडणे वाचतात.

शेवटचा हिशेब

गावोगाव फिरणे, खराब रस्ते आणि जवळचा मिस्त्री हाच आधार, असे असेल तर २०१८ नंतरची हिमालयन घ्यावी. महामार्गाचे लांब अंतर, उंची पुरेशी आणि शहरात चांगले सर्व्हिस सेंटर असेल तर पूर्ण पावत्यांची ३९० घ्यावी. दोन्हींपैकी एकीचेही कागद स्वच्छ नसतील तर दोन्ही सोडाव्यात. बाजारात गाड्या पुष्कळ आहेत.

आणि किंमत ठरवताना चेन-स्प्रॉकेट, टायर, बॅटरी व नाव बदलण्याचा खर्च धरून काही रक्कम बाजूला ठेवावी. गाडीत अडकलेला पैसा म्हणजे दुकानातून कमी झालेला माल असतो. आपल्या ऐपतीत, ऐब पाहून आणि रोखीने केलेल्या सौद्यातच बरकत आहे. अल्लाह आपणा सर्वांचा प्रवास सुखरूप करो आणि रोजीत बरकत देवो.