गाठ चालेल ना?

सकाळी ६.३०. डॅन्डेनाँगमधल्या वर्कशॉपचं शटर वर. मेलबर्नच्या थंडीत सरस लवकर धरत नाही, म्हणून आधी हीटर, मग चहा.

७.००. लाकूडवाल्याचा फोन. 'व्हिक्टोरियन अ‍ॅश आहे का' हे विचारणं मी सोडलंय. अ‍ॅश म्हणजे इथलंच निलगिरीच्या जातीचं लाकूड. आमच्या व्हिक्टोरिया राज्याच्या सरकारी नैसर्गिक जंगलातली तोड १ जानेवारी २०२४ पासून बंद. सरकार आधी २०३० म्हणत होतं. आता लाकूडवाला टास्मानियाचा माल नाहीतर अमेरिकन ओक सांगतो. टास्मानियात मात्र नैसर्गिक जंगलाची तोड चालूच आहे. म्हणजे आमचं जंगल वाचलं, शेजाऱ्याचं गेलं. यावर मी दिवसभर बोलू शकतो, पण काम पडलंय.

८.०० ते ११.३०. पाडलेल्या जुन्या घराचे वासे आलेत, चार बाय दोन इंची. डिटेक्टर फिरवायचा, वाजला की खडूची खूण, मग खिळा उपटायचा. डोकं तुटलं तर भोवतीचं लाकूड पटाशीने कोरा. एक खिळा जरी नजरेतून सुटला तरी रंध्याच्या मशीनचं पातं गेलंच. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन मिळून खिळ्याभोवती शाईसारखा काळा डाग पडतो. तो खोल उतरतो, रंधून जात नाही.

"काका, लांबी भरू का यात?" हाताखालचा सांगलीचा पोरगा.

"नको. राहू दे."

"गिऱ्हाईक विचारेल."

"विचारू दे की."

१२.३०. डबा. पोरगा विचारतो, निलगिरीची लागवड एवढी दिसते, मग ते लाकूड का आणत नाही? आणणार कसं! ती बहुतेक ब्लू गम, कागदाच्या चिप्ससाठी लावलेली. दहा-पंधरा वर्षांत तोडतात, फांद्या छाटत नाहीत, म्हणून गाठीच गाठी. कोवळ्या खोडात ताण इतका की फळी करवतीखालीच वाकते, भट्टीत सुकवताना चिरते. शायनिंग गम या दुसऱ्या जातीच्या लागवडीतून चांगली फळी निघते, पण माल थोडा. आम्ही इतकी वर्षं जी सरळ, बिनगाठीची अ‍ॅश वापरली, ती बरीचशी १९३९च्या वणव्यानंतर रुजलेल्या झाडांची. तिला सत्तर-ऐंशी वर्षं लागली होती.

३.००. ग्लेन वेव्हर्लीच्या काकू. जेवणाचं टेबल हवंय, सागवानासारखं, "आणि गाठ एकही नको हं." ओकचा आणि जुन्या वाशाचा नमुना पुढे ठेवतो. काळ्या डागावर नख घासून बघतात.

"हा जाईल ना?"

"नाही, काकू."

"ह्यांना विचारून कळवते."

५.००. ओलाव्याचा मीटर. जुने वासे बारा टक्क्यांच्या आत. इतकी वर्षं छपराखाली सुकलेत, भट्टीचा खर्च वाचला. तो खिळे काढण्याच्या मजुरीत गेला, ते वेगळं.

टेबल करायला टाकणार असाल तर पहिल्याच फोनवर सांगा: गाठ चालेल, डाग चालेल. दोन मीटरची स्वच्छ फळी हवीच असेल, तर ती कुठल्या जंगलातली हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या.