दुकान बंद ठेवण्याचा एक दिवस : परभणी ते लोणार

व्यापारी घराण्यांत प्रवास पुष्कळ होतो, पण तो बहुधा कारणाचा असतो. खरेदी, वसुली, लग्नकार्य, तीर्थयात्रा. निव्वळ पाहण्यासाठी म्हणून घराबाहेर पडणे हे अजूनही अनेक घरांत चैनीच्या खात्यावर लिहिले जाते. त्यातून असे घडते की दूरदेशीची सरोवरे पाहून आलेल्या मुलांच्या आजीआजोबांनी आपल्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडचे लोणार पाहिलेले नसते.

परभणीच्या मोंढ्यात आडत चालवणाऱ्या एका कुटुंबाचे असेच होते. घरातील वडीलधारे गृहस्थ आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. तूर, मूग आणि हरभऱ्याच्या खरेदीसाठी जिंतूर–मंठा रस्त्याने त्यांनी चाळीस वर्षे फेऱ्या मारल्या. मंठ्याहून लोणार तास-दीड तासाच्या आत येते. त्यांच्या पत्नीने दर दिवाळीनंतर विचारायचे, "यंदा तरी ते तळे दाखवाल ना?" आणि त्यांनी म्हणायचे, "हंगाम उरकू दे, पुढच्या वर्षी नक्की." हंगाम काही उरकला नाही. गेल्या डिसेंबरात नातीने एक दिवसाच्या सहलीत घरातील सहा नावे परस्पर नोंदवली आणि मोंढा बंद असलेल्या एका रविवारी पहाटे साडेपाचला सतरा आसनांची गाडी दारात येऊन उभी राहिली.

पहिला मुक्काम : नेमगिरी

परभणीहून जिंतूर बेचाळीस-त्रेचाळीस किलोमीटर. गावाजवळच नेमगिरी आणि चंद्रगिरी या दोन टेकड्या आहेत. नेमगिरीवरील गुंफांचे दरवाजे इतके ठेंगणे आहेत की आत शिरताना प्रत्येकाला वाकावेच लागते. आत गेल्यावर मात्र समोरच्या मूर्तींची भव्यता पाहून मान वर करावी लागते. एवढ्या लहान दारातून एवढी मूर्ती आत नेली कशी, हा प्रश्न प्रत्येक लहान मूल विचारते आणि प्रत्येक मोठ्या माणसाच्याही मनात तो येतोच. नेमिनाथ, शांतिनाथ, बाहुबली यांच्या मूर्ती येथे आहेत. पार्श्वनाथांची प्रचंड मूर्ती खाली एका अगदी लहान दगडाच्या आधारावर तोललेली आहे, म्हणून तिला अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणतात.

दर्शन आणि नवकारशी आटोपून गाडी निघाली. वाटेतील चारठाणा हे गाव जुन्या मंदिरांसाठी आणि बारवेसाठी अभ्यासकांना परिचित आहे. परतीची वेळ ठरलेली असल्याने तेथे केवळ अर्धा तास थांबता आले. एक दिवसाच्या सहलीत अशी काटछाट करावीच लागते. सर्व काही पाहण्याचा हट्ट धरला की काहीच नीट पाहणे होत नाही.

विवराच्या काठावर

साडेदहाच्या सुमारास गाडी लोणारला पोहोचली. येथून पुढची सूत्रे स्थानिक मार्गदर्शकाकडे होती. तिशीतला हा तरुण सरोवराच्या काठीच वाढलेला. त्याने मंडळींना थेट पाण्याकडे न नेता आधी काठावर उभे केले आणि म्हणाला, "काका, आधी दोन मिनिटे नुसते बघा. माहिती मी नंतर सांगतो."

समोर जमीन एकाएकी संपते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाची, जवळजवळ वर्तुळाकार, काठापासून सुमारे १३७ मीटर खोल अशी प्रचंड वाटी. तिच्या उतारांवर दाट झाडी आणि तळाशी हिरवट पाणी. एखादी चाळीस-पंचेचाळीस मजल्यांची इमारत आत उभी केली तर तिची गच्ची जेमतेम काठाला लागेल, असे मार्गदर्शकाने सांगितले तेव्हा सर्वांना त्या खोलीचा अदमास आला.

दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी बनलेले आहे. म्हणून दीर्घकाळ हे विवरही ज्वालामुखीचेच मानले जाई. सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये या स्थळाची नोंद केली, तरी विवर कशामुळे झाले हा वाद पुढे दीडशे वर्षे चालला. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात येथील खडकांत प्रचंड आघातानेच तयार होणारी काच सापडल्याचे मांडले गेले आणि अवकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताचा पक्ष पक्का झाला. चंद्राच्या पृष्ठभागाचा काही भागही बेसाल्टचा आहे. बेसाल्टमध्ये झालेली आणि चांगली टिकलेली विवरे पृथ्वीवर अगदी मोजकी असल्यामुळे चंद्राचा अभ्यास करणाऱ्यांनाही लोणारचे महत्त्व वाटते.

विवराच्या वयाबाबत मात्र दोन आकडे ऐकू येतात. एका पद्धतीने ते सुमारे बावन्न हजार वर्षे निघते, तर आर्गॉन वायूवर आधारलेल्या नंतरच्या मोजणीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. दोन वह्यांतील शिलकेत दसपटीहून अधिक फरक आढळला तर कोणताही मुनीम अस्वस्थ होईल. विज्ञानाच्या वहीत मात्र दोन्ही नोंदी कशा आल्या हे लिहून ठेवतात आणि पुढची तपासणी चालू राहते.

पापडखाराचा मूळ पत्ता

गोमुखाजवळ बारमाही गोड्या पाण्याची धार पडते. लोक तिला नुसते 'धार' म्हणतात. तेथून पायऱ्यांची वाट खाली उतरते. वर गोडे पाणी आणि तळाशी खारे, एवढेच नव्हे तर तीव्र अल्कधर्मी पाणी, हे या स्थळाचे मोठे नवल आहे. पाणी सर्व बाजूंनी आत येते. बाहेर वाहून जाण्यास मार्ग नाही. उन्हाने पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. हजारो वर्षांची ही शिल्लक तळाशी साचत आलेली आहे.

याच ठिकाणी आडत्या आजोबांचे कुतूहल जागे झाले. मार्गदर्शकाने सांगितले की एके काळी उन्हाळ्यात पाणी हटले की काठावरचा खार गोळा केला जाई आणि त्याच्या प्रतींना दल्ला, पापडी, भुस्की अशी वेगवेगळी नावे होती. 'ऐन-ए-अकबरी'तही मेहकर सरकारच्या वर्णनात काच आणि साबण यांना लागणारे साहित्य येथे मिळते व त्यातून सरकारला महसूल येतो, अशी नोंद आहे.

"म्हणजे पापडखार इथला?" आजोबांनी विचारले.

"काका, आता तुमच्या दुकानात येतो तो कारखान्यातला. पण पूर्वी इथून बाजारात जायचा."

आजोबांच्या वडिलांचे किराणा दुकान होते. लहानपणी पापडखाराच्या पुड्या बांधण्याचे काम त्यांच्याकडे असे. चाळीस वर्षे ज्या वळणावरून ते न थांबता पुढे गेले, त्या वळणाच्या टोकाशी त्या पुड्यांतील मालाचे एक जुने उगमस्थान होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

उतरणारे आणि थांबणारे

तळापर्यंत उतरणे कठीण नाही, चढून येणे कठीण आहे. मार्गदर्शकाने ही गोष्ट आधीच स्पष्ट केली. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना दम्याचा वा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी काठावरूनच सरोवर पाहावे. त्यात काही कमीपणा नाही. चांगल्या मार्गदर्शकाची ओळख येथेच पटते. सर्वांना सर्व काही दाखवण्याचे आश्वासन देणाऱ्यापेक्षा कोणी कोठे थांबावे हे सांगणारा अधिक भरवशाचा.

आजींचे दोन्ही गुडघे गेली पाच वर्षे साथ देत नाहीत. त्या गोमुखाजवळच्या सावलीत बसल्या. आजोबांचे पाय मात्र अजून खणखणीत आहेत. नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही चला. आजीजवळ आई थांबेल." आजोबांनी दोन पायऱ्या उतरून पाहिल्या आणि ते परत फिरले. "तुम्ही जाऊन या," ते म्हणाले, "आम्ही दोघे इथूनच बघतो."

आजी एवढेच म्हणाल्या, "दहा वर्षांपूर्वी आणले असते तर मीही उतरले असते." त्या स्वरात तक्रार नव्हती. आजोबांनी उत्तर दिले नाही. हिशेबात चूक नसली तरी त्याची भरपाई करता येत नाही, असे काही प्रसंग आयुष्यात येतात. मालाची उधारी उशिराने का होईना वसूल होते. सोबतीच्या दिवसांची होत नाही.

खाली गेलेल्यांना झाडीत मोर दिसले, वानरांच्या टोळ्या दिसल्या, काठावरील भग्न मंदिरे आणि कमळजादेवीचे स्थान दिसले. नातीने वर येऊन आजीला पाण्याचा वास, शेवाळाचा रंग, पक्ष्यांची गर्दी असे एकेक करून सांगितले. २०२० च्या जून महिन्यात हेच पाणी गुलाबी झाले होते. पाणी घटून खारटपणा वाढल्यावर तेथे फोफावलेल्या, मिठात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. ज्या पाण्यात काहीच जगू शकणार नाही असे वाटावे, ते डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांनी भरलेले आहे. पाणी गाळून पिण्याचा संस्कार असलेल्या घरातील मुलांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागली नाही.

न दिलेले न घेणे

लोणारचा परिसर २००० मध्ये अभयारण्य घोषित झाला आणि २०२० मध्ये सरोवराला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातील हे दुसरे स्थळ. परंतु यादीत नाव आल्याने संकट टळत नाही. या सरोवराचे जीवन त्याच्या क्षारांच्या तोलावर अवलंबून आहे. गावाचे सांडपाणी आत उतरले, साबण आणि प्लॅस्टिक आले, किंवा गोड्या पाण्याचा भरणा फार वाढला, तर तो तोल ढळतो आणि केवळ येथेच टिकणारे जीव नाहीसे होऊ शकतात.

सहलीतील एका मुलाने काळा चकाकणारा दगड खिशात टाकला होता. मार्गदर्शकाने तो शांतपणे परत ठेवायला लावला. "रोज शंभर जणांनी एकेक नेला तर माझ्या मुलाला दाखवायला काय राहील?" न दिलेली वस्तू न घेणे हे अणुव्रतांतील तिसरे व्रत लहानपणी सर्वांनी पाठ केलेले असते. ते दगडाला आणि खड्ड्यालाही लागू पडते, हे त्या मुलाला त्या दिवशी कळले.

गावातील दैत्यसूदन मंदिर न पाहता परतणे ही मोठी चूक ठरेल. भगवान विष्णूंनी लवणासुराचा वध केला, या कथेशी ते निगडित आहे. बाह्य भिंतींवरील शिल्पे पाहण्यास अर्धा तास तरी हवा.

दिवसाचा शेवट : येलदरी

घरून आणलेले दशमी, चटणी आणि मुगाच्या डाळीचे जेवण आटोपून गाडी दोन वाजता परतीला लागली. जिंतूरहून येलदरी पंधरा किलोमीटरच्या आसपास. पूर्णा नदीवरील हे धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. येथील पाणी आधी जनित्रे फिरवते आणि मग खाली हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर धरणात जाते. तेथून ते कालव्यांनी शेतात पोहोचते. एकाच पाण्यावर दोनदा काम घेणारी ही योजना व्यापारी माणसाला चटकन पटते.

एक सरोवर आकाशातून आलेल्या आघाताने क्षणात निर्माण झाले. दुसरे माणसांनी वर्षानुवर्षे राबून उभे केले. एकाचे पाणी पिण्याच्या कामाचे नाही, तरी ते जपायचे. दुसऱ्याच्या पाण्यावर मोंढ्यात येणाऱ्या पुष्कळ धान्याचे भवितव्य अवलंबून. एका दिवसात दोन्ही पाहिल्याने पाण्याचे मोल दोन्ही अंगांनी समजते.

सूर्यास्तापूर्वी, पाच वाजता, सर्वांनी जलाशयाच्या अलीकडे सावलीत बसून संध्याकाळचे भोजन उरकले. आजी येथे गाडीतून उतरून थेट पाणी दिसेल अशा जागी चालत गेल्या. येथे पायऱ्या नव्हत्या. आजोबा त्यांच्या शेजारी उभे होते.

जाणाऱ्यांसाठी थोडे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात विवर हिरवेगार दिसते, पण उताराची वाट निसरडी होते. पहाटे निघाल्यास चढण दुपारच्या उन्हाआधी संपते आणि रात्रीचे भोजन वर्ज्य असणाऱ्यांचीही अडचण होत नाही. गाळलेले पाणी, घट्ट तळाची पादत्राणे आणि वृद्धांसाठी एक काठी सोबत असावी. मार्गदर्शक स्थानिकच घ्यावा आणि त्याचे मोल घासाघीस न करता द्यावे. सरोवर राखण्यात त्याचा स्वार्थ जितका वाढेल तितके सरोवर सुरक्षित राहील. आणि घरात कोणी "यंदा तरी दाखवाल ना?" असे विचारणारे असेल, तर हंगाम उरकण्याची वाट पाहू नये.

रात्री आठच्या आत गाडी परभणीत पोहोचली. सोमवारी सकाळी आडतीचे दार नेहमीच्या वेळी उघडले. रविवारी दुकानाचे काही बिघडले नव्हते.