लाल दिव्यात हिरवी साडी

झाडीपट्टीच्या नाटकात खून सहसा पांढऱ्या उजेडात होत नाही. खलनायकाने कमरेचा सुरा काढला की विंगेतला लाइटवाला लाल दिवा चढवतो, तबल्याची थाप कडक होते आणि इतका वेळ सुखवस्तू पाटलाचा म्हणून खपलेला पडद्यावरचा दिवाणखाना एकाएकी अंगावर येतो. पडदा तोच असतो. त्यावर रंगवलेला जिना, झुंबर, खिडकीतली बाग, सगळं जागच्या जागी असतं. बदललेला असतो तो फक्त उजेड.

 झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख. ‘झाडी’वरूनच पट्ट्याला नाव पडलं. दिवाळी उरकली की इथे गावोगावी मंडया, म्हणजे जत्रा, भरू लागतात. दिवसा मंडई, रात्री नाटक. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या धंद्याचं मुख्य ठाणं. नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथे आहेत. रात्री उघडलेला पडदा पहाटेपर्यंत पडत नाही. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. उजेडाच्या बाबतीत या रंगभूमीने मोठा पल्ला गाठला आहे. दंडार हा इथला जुना लोकनाट्यप्रकार टेंभ्याच्या उजेडात व्हायचा. मग गॅसबत्ती आली, मग बल्ब आणि त्याच्यापुढे लावलेला जिलेटिनचा रंगीत कागद, आणि आता बटण फिरवलं की हवा तो रंग देणारे एलईडी पार दिवे.

खोटी खोली आणि रंगीत उजेड यांची हीच जोडी सध्या आणखी एका ठिकाणी भेटते. साकोलीत किंवा भंडाऱ्यात घर बांधायला काढलं की इंटिरिअरवाला हल्ली कागदी नकाशावर थांबत नाही. मोबाइलवर ‘थ्रीडी’ पाठवतो. अजून प्लिंथही न भरलेल्या घराचा हॉल त्यात झळाळत असतो: फॉल्स सीलिंगच्या कडेने पिवळसर पट्टी, टीव्हीमागे निळी झाक, सोफ्यावर मऊ सावली. बघणाऱ्याच्या तोंडून ‘वा’ निघतो. हा ‘वा’ नेमका कशाला असतो, खोलीला की उजेडाला, या प्रश्नावर जगात बरंच काम झालं आहे. त्यातलं काही पक्कं आहे, काही कच्चं, आणि काही निव्वळ हवा.

संगणकातल्या खोलीत रंगीत उजेड खरा वाटू लागला तो १९८४च्या सुमारास. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डोनाल्ड ग्रीनबर्ग यांच्या गटाने एक साधी पेटी घेतली. आतून पांढरी, एक बाजू लाल, समोरची निळी. हीच पुढे ‘कॉर्नेल बॉक्स’ म्हणून प्रसिद्ध झाली. नंतरच्या प्रतींत निळ्याच्या जागी हिरवी भिंत आली. तोवरच्या बहुतेक संगणकचित्रांत दिव्यातून निघालेला उजेड वस्तूवर पडून थेट डोळ्यात यायचा आणि संपायचा. या गटाने भिंतीकडून भिंतीकडे जाणाऱ्या उजेडाचा हिशेब मांडला आणि लाल भिंतीशेजारच्या पांढऱ्या पृष्ठभागावर गुलाबी झाक उमटली. पुढे खरी पेटी बनवून, तिचा फोटो आणि संगणकाचं चित्र शेजारीशेजारी ठेवून ताडून पाहण्याची रीतच पडली. १९८६ साली जेम्स काजिया यांनी या सगळ्या हिशेबाचं एक सर्वसाधारण समीकरण दिलं. आज फुकट मिळणाऱ्या ब्लेंडरपासून महागड्या सॉफ्टवेअरपर्यंत सगळ्यांचा कारभार त्याच समीकरणाच्या वंशावळीतला आहे.

कॉर्नेलची पेटी समजून घ्यायला संगणक लागत नाही. जुन्या घरांत चुन्यात नीळ घालून भिंती पोतलेल्या असतात. त्या खोलीत जुना पिवळा बल्ब लावा. बल्बच्या उजेडात निळा भाग मुळातच कमी. लाल-पिवळा भरपूर, पण तो भिंत गिळते. खोली अंधारून येते आणि चेहऱ्यांवर मरगळ दिसते. तोच बल्ब लाल कोब्याच्या, पांढऱ्या भिंतींच्या खोलीत लावला की छताला ऊब चढते. दिवा एकच, भावना मात्र दोन. म्हणून ‘पिवळा उजेड सुखद असतो’ असं कुणी म्हटलं की आधी विचारावं, कोणत्या भिंतींवर?

आता भावनेच्या मोजमापाकडे. १९७४ साली अल्बर्ट मेहराबियन आणि जेम्स रसेल यांनी भावना तीन पट्ट्यांवर मोजायची पद्धत रुळवली: किती आवडलं, किती उत्तेजित वाटलं, आणि परिस्थिती आपल्या काबूत आहे असं किती वाटलं. पुढे १९९४मध्ये पॅट्रिशिया वाल्डेझ आणि मेहराबियन यांनी रंगांच्या तुकड्यांवर ती लावली. निष्कर्ष गमतीचा आहे. रंग लाल की निळा यापेक्षा तो किती उजळ आणि किती भडक, याचाच परिणाम जास्त निघाला. उजळपणा वाढला की सुखदपणा वाढतो, भडकपणा वाढला की उत्तेजना. आपल्याकडच्या वास्तूच्या पुस्तकांत आणि पेंट कंपन्यांच्या पत्रकांत ‘निळा म्हणजे शांती, लाल म्हणजे ऊर्जा’ अशी जी कोष्टकं असतात, त्यांच्या मुळावरच हा घाव आहे. फिकट गुलाबीसुद्धा लालाच्याच घरातला, पण त्याने कुणाचं रक्त उसळत नाही.

गुलाबीवरून आठवलं. १९७९ साली सिअॅटलच्या नौदल कोठडीत अलेक्झांडर शॉस यांच्या सांगण्यावरून भिंतींना एक विशिष्ट गुलाबी रंग दिला गेला आणि कैदी शांत होतात असा गाजावाजा झाला. बेकर-मिलर गुलाबी या नावाने तो देशोदेशीच्या तुरुंगांत पोचला. २०१५मध्ये स्वित्झर्लंडच्या एका तुरुंगात ऑलिव्हर गेन्शो आणि सहकाऱ्यांनी नीट तुलना केली, तर त्या गुलाबीचा काही गुण दिसला नाही. दिव्यांच्या दुनियेतही अशी एक कथा आहे. फिलिप्समधल्या क्रुइथॉफ यांनी १९४१ साली एक आलेख दिला: मंद उजेड पिवळसर असावा, प्रखर उजेड पांढरा-निळसर, तरच तो सुखद वाटतो. पिढ्यान् पिढ्या प्रकाशयोजनेच्या वर्गांत तो शिकवला गेला. २०१७मध्ये स्टीव्ह फोटिओस यांनी नंतरचे प्रयोग पडताळून पाहिले, तेव्हा उजेड फार मंद नसावा एवढंच ठामपणे हाती लागलं. पिवळसर-निळसर या फरकाला तितकासा आधार सापडला नाही. एका आलेखावर इतकी वर्षं विसंबून राहायचं आणि कुणी तपासायचं नाही, हा प्रकार फक्त आपल्याकडेच घडतो असं समजायचं कारण नाही.

थेट संगणकातल्या खोलीवरचं काम मला जास्त भरवशाचं वाटतं, कारण तिथे दिवा सोडून बाकी सगळं तंतोतंत तेच ठेवता येतं. इगोर क्नेझ आणि सायमन नीडेंथाल यांनी २००८ साली एका गेमच्या आतल्या जगाला दोन प्रकारे उजळलं, एकदा लालसर उबदार आणि एकदा निळसर. लालसर उजेडात खेळाडूंना जास्त प्रसन्न वाटलं आणि ते जास्त वेगाने, जास्त चांगलं खेळले. वाढलेल्या प्रसन्नतेमुळेच खेळ सुधारला असावा, असा संशोधकांचा सावध अंदाज होता. इथे एक गोष्ट नजरेआड होऊ देऊ नये. तो लालसर उजेड सौम्य होता. मंडईतल्या खुनाचा लाल नव्हे. त्याच घराण्यातला रंग एकीकडे माणसाला रमवतो आणि दुसरीकडे घाबरवतो. फरक पडतो तो भडकपणाने आणि गोष्टीने.

आणि प्रेक्षक कुठला, यानेही. डोमिसेले योनाउस्काइते यांच्या गटाने २०२०मध्ये ३० देशांतल्या ४,५९८ लोकांना रंगांची नावं देऊन त्यांच्याशी कोणत्या भावना जुळतात ते विचारलं. उत्तरं बरीचशी सारखी निघाली. जवळचे देश आणि जवळच्या भाषा यांत साम्य आणखी जास्त. पण त्याच गटाच्या आदल्या वर्षीच्या ५५ देशांच्या पाहणीत पिवळ्याची गंमत दिसली. विषुववृत्तापासून दूर, पावसाळी देशांत पिवळ्याचं आनंदाशी नातं घट्ट. उन्हाच्या देशांत सैल. ४५ अंशांपलीकडे पारा जाणाऱ्या भंडाऱ्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. मे महिन्यात दुपारी दारं-खिडक्या लावून घेऊन बसणाऱ्याला खोलीत ऊन सांडलेलं चित्र दाखवलं, तर तो आधी पडदा ओढायला सांगेल.

घरातल्या दिव्यांची निवडही बहुधा याच वाटेने जाते. ५ जानेवारी २०१५ला सुरू झालेल्या उजाला योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले आणि पांढराफटक, ६५०० केल्विनच्या आसपासचा उजेड खेड्यापाड्यांत रुळला. इंटिरिअरवाल्याच्या थ्रीडीत मात्र कायम ३००० केल्विनची पिवळसर संध्याकाळ असते. घर पूर्ण होतं, वास्तुशांती होते, आणि पहिल्या आठवड्यातच घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘उजेडच नाही पडत बाप्पा.’ छताच्या कडेचे कोव्ह लाइट बंद राहतात आणि मधोमध पांढरी ट्यूब लागते. यात अडाणीपणा शोधणाऱ्या डिझायनरांशी माझं जमत नाही. ज्यांनी कंदिलाच्या मिणमिणत्या पिवळ्यात वर्षं काढली त्यांना पांढरा उजेड म्हणजे सुधारणा वाटणार. आणि तांदूळ निवडायला तोच बरा असतो.

पण चित्रात आवडलेली खोली प्रत्यक्षात का आवडत नाही, याचं आणखी एक कारण डोळ्यातच आहे. रंगीत उजेडात शिरलं की पहिल्या मिनिटाभरातच डोळा त्याला बराचसा सरावतो. पिवळ्या बल्बखाली पांढरा सदरा काही वेळाने पांढराच दिसतो. भडक लालाला डोळा पुरता सरावत नाही, तरी त्याचा पहिला जोर ओसरतो. आणि लाल प्रवेश संपून पांढरा दिवा आला की क्षणभर सारा मंच हिरवट-निळसर भासतो. मोबाइलच्या चार बोटांच्या पडद्यावर हे घडत नाही, कारण डोळा सरावलेला असतो तो तुमच्या ओसरीच्या उजेडाला, चित्रातल्या खोलीच्या नव्हे. तिथे आपण उजेडाकडे बघतो, उजेडात बसत नाही. म्हणून चित्रातली निळी झाक निळी राहते आणि मोहवते. त्या हॉलमध्ये रोज राहिलं की मोह विरतो आणि उरतं ते विजेचं बिल.

झाडीपट्टीचा प्रेक्षक या दोहोंच्या मधे बसलेला असतो. चहूकडे अंधारलेलं शिवार, अंगावर थंडी, आणि नजरेसमोर उजळलेली एकच चौकट. डोळ्याला दुसरा कुठला पांढरा नसतोच, त्यामुळे मंचावरचा उजेड हाच त्याचा उजेड. डोळ्यांना लावायच्या व्हीआर चष्म्याने हल्ली हेच साधतात. लोझानच्या तंत्रविद्यापीठात चामिलोथोरी, विनोल्ड आणि आंदरसेन यांनी एक खरी खोली आणि तिचीच चष्म्यातली प्रतिकृती लोकांना दाखवली. खोली किती सुखद, किती रोचक, किती उत्साहवर्धक, याबाबत दोन्हींची मतं जवळपास जुळली. ती खोली दिवसाच्या उजेडाची होती, रंगीत दिव्यांची नव्हे. तरी सपाट पडद्यापेक्षा चष्म्यातल्या निष्कर्षांवर मी जास्त विश्वास ठेवीन.

लाइटवाल्याच्या कामातली एक बारकाई संगणकवाल्यांनी बघण्यासारखी आहे. नायिकेची साडी हिरवी असेल आणि तिच्यावर निव्वळ लाल दिवा टाकला, तर साडी काळपट तपकिरी होते, काठाची जर तेवढी तांबूस चमकते, आणि चेहरा सपाट होऊन डोळ्याखालच्या रेषा, ओठांची लाली पुसली जाते. रडणं दिसेनासं होतं. म्हणून कसलेला माणूस लालाबरोबर समोरून थोडा पांढरा किंवा अंबर मिसळतो. पडदा लाल राहतो, चेहरा वाचता येतो. संगणकात निव्वळ हिरव्या साडीवर निव्वळ लाल दिवा टाकला तर ती पार काळी ठिक्कर पडते. बहुतेक सॉफ्टवेअर उजेडाचे लाल, हिरवा, निळा असे तीनच आकडे धरतं आणि दिव्याच्या आकड्याला कापडाच्या आकड्याने गुणतं. लाल दिव्यात हिरवं शून्य, निव्वळ हिरव्या साडीत लाल शून्य, की गुणाकारही शून्य. खरं कापड इतकं काटेकोर नसतं, थोडा लाल उजेड तेही परत फेकतं. त्या थोड्याशा तपकिरीत जीव असतो. गुणाकाराच्या काळ्यात भीती वाटते खरी, पण ती नाटकाची नव्हे, गणिताची. रंगीत उजेडाच्या भावनिक परिणामाचे प्रयोग अशा चित्रांवर करताना हा काळा कुणाच्या खाती मांडायचा, हे आधी ठरवायला हवं.

रात्र निळी का दाखवतात, यातही असंच काही दडलेलं आहे. चांदणं म्हणजे परतून आलेलं ऊनच. मोजलं तर ते उन्हापेक्षा किंचित तांबूसच भरतं. पण अंधूक उजेडात डोळ्याला लाल रंग काळवंडलेले आणि निळे त्या मानाने उजळ दिसतात, हे पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकात नोंदवून ठेवलं आहे. लाल साडी काळी आणि निळं लुगडं उजळ दिसणाऱ्या गावातल्या रात्रीला रंगमंचावर निळा दिवा शोभला, तो उगाच नाही. गेम आणि थ्रीडी चित्रांनी हा निळा रंगभूमी आणि सिनेमाकडूनच उचलला.

आता या दोन खोट्या खोल्या, पडद्यावर रंगवलेली आणि संगणकातली, एकाच मंचावर यायच्या बेतात आहेत. लग्नांत, ऑर्केस्ट्रात आणि सभांमध्ये एलईडीची भिंत सर्रास दिसते. सिनेमा-मालिकांत तर २०१९च्या ‘द मॅन्डलोरियन’ या मालिकेपासून संगणकात घडवलेली जागा नटांच्या मागे भिंतीवर पेटवून चित्रीकरण होतं. तिथे चित्रातल्या खोलीचा उजेड उलट नटाच्या अंगावर पडतो. मात्र ती भिंत तीनच रंगांच्या दिव्यांनी उजळत असल्यामुळे कातडीचा रंग बिघडतो, आणि पुढून वेगळे दिवे द्यावेच लागतात. मंडईतल्या मंचावर रंगवलेल्या पडद्याऐवजी अशी भिंत आली, तर लाइटवाल्याच्या लाल दिव्याने मागचा दिवाणखाना लाल होणार नाही. पडदा उजेड झेलतो, ती भिंत स्वतःच उजेड फेकते. वरून टाकलेला लाल फक्त तिच्या काळ्या भागांवर धुरकट पसरेल. दिवाणखाना लाल करायचा तर तो संगणकात, त्या क्षणी, नटाची लय सांभाळत करावा लागेल. आधी चित्रित करून ठेवलेली खोली तिथे चालणार नाही, कारण ‘वन्स मोअर’ आला की प्रवेश लांबतो. गेममधल्या जगासारखी ती जागच्या जागी घडवत राहावी लागेल, आणि ते करणारं यंत्र भर शेतात, जनरेटरवर, पहाटेपर्यंत चालवावं लागेल.