मुंबईची सांकेतिक भाषा आणि परदेशांशी जुळलेले धागे

भारतात जन्मलेले, स्वतः कर्णबधिर असलेले मदन वसिष्ठ यांनी जेम्स वुडवर्ड आदी अमेरिकी अभ्यासकांसह 1970च्या दशकात भारतीय सांकेतिक भाषेचा, म्हणजे हस्तमुद्रा व चेहऱ्यावरील भावांतून व्याकरण साकारणाऱ्या दृश्य भाषेचा अभ्यास आरंभला आणि 1986 मध्ये तिच्या मुंबईतील रूपावरचे पुस्तक सिद्ध झाले. 2001 मध्ये कर्णबधिरांसाठी काम करणाऱ्या, मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत जर्मन भाषाशास्त्रज्ञ उलरिके झेशान यांच्या सहभागाने या भाषेचे वर्ग सुरू झाले. अशा संपर्कातून कर्णबधिरांमध्ये आपल्या खुणा ही स्वतंत्र भाषा आहे, हा आत्मविश्वास, म्हणजेच सक्षमीकरणाचा पाया, बळावतो. 2007 मध्ये भारताने अनुसमर्थित केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराने सांकेतिक भाषेला कायदेशीर आधार दिला, मात्र मुंबईपासून दूर, सिंधुदुर्गातील मालवण किनाऱ्यावरील कर्णबधिर मुलांपर्यंत तो पोहोचण्यासाठी प्रशिक्षित दुभाषे आणि कर्णबधिर शिक्षक आवश्यक ठरतात.

#सांकेतिकभाषा #सिंधुदुर्ग