एचआयव्हीसह जगणाऱ्या मातांसाठी निव्वळ स्तनपान का महत्त्वाचे?

आईच्या दुधातून एचआयव्ही बाळापर्यंत पोहोचू शकतो. तरीही एआरटी औषधे नियमित घेणाऱ्या मातेने स्तनपानाचा पर्याय निवडल्यास पहिले ६ महिने बाळाला केवळ अंगावरचेच दूध पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. वरवर विसंगत वाटणाऱ्या या सल्ल्याचे मूळ दक्षिण आफ्रिकेतील संशोधनात आहे.

डर्बन येथील अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. निव्वळ स्तनपानावरील बाळांमध्ये ३ महिन्यांपर्यंत संसर्गाचे प्रमाण १४.६ टक्के, तर स्तनपानासोबत पाणी वा वरचे अन्न मिळालेल्या बाळांमध्ये २४.१ टक्के आढळले. क्वाझुलू-नाताल प्रांतातील २००७ च्या अभ्यासात स्तनपानासोबत घन आहार मिळालेल्या बाळांचा धोका सुमारे ११ पट नोंदवला गेला.

वरच्या अन्नपाण्यामुळे बाळाच्या आतड्याच्या नाजूक अस्तराला इजा होते आणि विषाणूला शिरकावासाठी वाट मिळते, असे यामागील स्पष्टीकरण आहे. त्यामुळे मध, घुटी किंवा उन्हाळ्यातील घोटभर पाणीही टाळावे लागते. डॉक्टरांनी दिलेली औषधे, जीवनसत्त्वांचे थेंब आणि जलसंजीवनी मात्र चालते.

हे अभ्यास झाले तेव्हा मातांना आजच्यासारखे उपचार मिळत नव्हते. भारतात २०१४ पासून एचआयव्ही आढळलेल्या प्रत्येक गर्भवतीला आजीवन एआरटी देण्याचे धोरण आहे. औषधांमुळे मातेच्या शरीरातील विषाणूंचे प्रमाण घटते आणि संसर्गाचा धोका अत्यल्प होतो. मात्र तो शून्य होत नाही. म्हणूनच बाळालाही जन्मानंतर किमान ६ आठवडे प्रतिबंधक औषध दिले जाते. सहाव्या आठवड्यात त्याची पहिली तपासणी होते आणि १८ महिन्यांनंतर अंतिम निदान केले जाते.

वरचे दूध हा पर्याय स्वच्छ पाणी, अखंड पुरवठा आणि पुरेसा खर्च शक्य असेल तरच सुरक्षित ठरतो. अन्यथा अतिसार आणि कुपोषण बाळाच्या जिवावर बेततात. पर्याय कोणताही निवडला, तरी पहिल्या ६ महिन्यांत दोन्हींची सरमिसळ टाळणे आवश्यक असते.

प्रत्यक्षात हा निर्णय एकट्या मातेच्या हाती क्वचितच असतो. आजार घरात लपवावा लागत असेल, तर बाळाला घुटी देण्यास नकार कसा द्यावा, हा प्रश्न तिच्यापुढे उभा राहतो. अशा वेळी पती व सासूला समुपदेशनात सहभागी करून घेणे उपयुक्त ठरते. मात्र त्यासाठी मातेची संमती अनिवार्य आहे. ‘पहिले ६ महिने फक्त आईचे दूध’ हा सल्ला सर्वच बाळांसाठी असल्याने, आजाराचा उल्लेख न करताही तो घरात सांगता येतो. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या १०९७ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर मार्गदर्शन उपलब्ध आहे.