बाळाच्या दुधाची तयारी, बाळाच्या आधीच

निकाह ठरला की आपल्या घरांत तयारीची धावपळ सुरू होते. जोडे, दागिने, भांडीकुंडी, दावतीची यादी. सहा-सहा महिने खरेदी चालते. पण पुढे मूल झाल्यावर त्याला दूध कसे पाजायचे, याबद्दल नव्या नवरीशी कोणी बोलत नाही. ते आपोआप जमते, असा समज आहे. दूध तयार होणे ही अल्लाहची देणगी आहे. पाजणे मात्र शिकावे लागते, आईला आणि घरालाही. दिवस जाण्याआधी डोके शांत असते, वेळही असतो. शिकण्याची खरी वेळ तीच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९-२१) सांगते की देशात १०० पैकी जवळपास ८९ बाळंतपणे दवाखान्यात होतात. तरी जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळते ते १०० पैकी सुमारे ४२ बाळांनाच. कधी शस्त्रक्रिया आड येते, कधी बाळ आजारी असते. पण अनेकदा घरातल्यांनी आधी काही ठरवलेलेच नसते.

मशवरा आधी करा

सूरह अल-बकराच्या २३३व्या आयतीत दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षांची सांगितली आहे. आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी पित्यावर टाकली आहे आणि दूध सोडवायचे तर दोघांच्या राजीखुशीने व मशवऱ्याने, असेही सांगितले आहे. म्हणजे हा विषय एकट्या बाईचा नाही. जो मशवरा शेवटी करायचा, तो सुरुवातीला केला तर जास्त उपयोगाचा.

पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. खाटेभोवती अम्मी, खाला, नानी, शेजारणी जमतात. सगळ्यांची माया खरी असते. एक म्हणते मध चाटवा, दुसरी म्हणते पहिले दूध पिळून टाका, तिसरी पावडरचा डबा आणायला पाठवते. थकलेली बाळंतीण त्या घटकेला कोणाशी वाद घालणार? म्हणून पुढील गोष्टी अम्मी आणि सासूबाई दोघींशी आधीच बोलून ठेवाव्यात.

पहिले पिवळसर, घट्ट दूध म्हणजे चीक. तो थोडासाच असतो, पण बाळाचे पोटही इवलेसे असते. आजारांशी लढण्याची ताकद त्यात असते. तो फेकू नये. भरपूर दूध साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येते. तोवर बाळाला वारंवार छातीशी लावणे हाच उपाय, कारण बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते. वरचे दूध देत गेले की बाळ कमी ओढते आणि आईचे दूधही कमी होत जाते.

मध वर्षाच्या आतील बाळाला अजिबात देऊ नये. त्यातील जंतूंमुळे बॉट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यायला सांगते. पाणी किंवा घुट्टीही नाही. तहनीक करायची असेल तर डॉक्टरांशी आधी बोलावे आणि त्यासाठी पहिले दूध खोळंबू देऊ नये.

शरीराकडे लक्ष

हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉईड यांची तपासणी दिवस जाण्याआधी करून घ्यावी. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आहे. मधुमेह असेल तर पान्हा उशिरा येऊ शकतो. थायरॉईडच्या त्रासाचाही दुधावर परिणाम होतो. छातीची शस्त्रक्रिया झाली असेल, गाठ लागत असेल किंवा स्तनाग्रे आत ओढलेली असतील तर संकोच न करता डॉक्टरांना दाखवावे. स्तनाग्रे घासणे, ओढणे असले उपाय नकोत. छातीच्या आकारावर दूध अवलंबून नसते. लहान-मोठेपणा बराचसा चरबीचा असतो.

सगळे करूनही काही बहिणींना दूध कमी पडते. तिला टोमणे मारणे हा जुलूम आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने बाळाचे पोट भरावे.

नोकरी करणाऱ्या बहिणींसाठी

२०१७च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते. पण त्यासाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते. नोकरी सोडण्याचा किंवा बदलण्याचा विचार असेल तर हा हिशेब आधी मांडावा. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची तरतूद आहे. आपल्याकडे ते आहे का, हे विचारायला संकोच कसला?

दुधाचे नाते

बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मले तर दवाखाना दुग्धपेढीतील दूध सुचवू शकतो. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली अशी पेढी सुरू झाली. तिथे अनेकदा एकाहून अधिक मातांचे दूध एकत्र करून, तापवून, निर्जंतुक केले जाते. हजरत हलीमा सादिया (रजि.) यांची आठवण जपणाऱ्या आपल्या समाजात दूध पाजणारी आई ठरते आणि तिची मुले भावंडे. म्हणून प्रश्न पडतोच: दूध कोणाचे, नाते कोणाशी? यावर आलिमांमध्ये मतभेद आहेत; काहींनी मनाई केली, तर काहींनी नाजूक बाळासाठी परवानगी दिली. बाळ काचेच्या पेटीत असताना फतवा शोधत फिरण्यापेक्षा आपल्या भरवशाच्या आलिमांना आणि बालरोगतज्ज्ञांना आधीच विचारून ठेवावे.

राहिले नवरोबा. दवाखाना निवडताना त्यांनी दोन प्रश्न विचारावेत: बाळ आईजवळच ठेवता का? शस्त्रक्रिया झाली तरी तासाभरात दूध पाजायला मदत करता का? रात्री उठून बाळाला आईच्या कुशीत देणे, लंगोट बदलणे, तिला वेळेवर ताटवाटी देणे, ही कामेही त्यांचीच. घरातून कोणी डब्याचा आग्रह धरला, तर “आमचे ठरले आहे” हे वाक्य सुनेच्या नव्हे, मुलाच्या तोंडून यावे.